एक हात अंतर

फक्कीचं पोतं रात्रीच आणून ठेवलं होतं.
पहाटे सुतळी, एक खिळा आणि काठी घेऊन
मैदानावर गोल काढत बसलो.
एकशे बारा पट, एकशे बारा गोल.
दीड काठी म्हणजे सहा फूट.
काठी तीच, जुनी, चार फुटी;
मानवतपासून पाथरीपर्यंत
कित्येक तळहात तिला ओळखतात.

बावीस वर्षं मी इथं पी.टी.चा मास्तर.
'एक हात अंतरऽऽ घे!' म्हणालो
की पुढच्याच्या पाठीत मागच्याचं कोपर,
कुणाची चिमटी, कुणाची वेणी,
आणि एक हसू रांगभर घरंगळत जायचं गोटीसारखं.
मी काठी आपटायचो.
बावीस वर्षांत रांग एकदाही सरळ आली नाही.

आज आली.

एकेचाळीस पोरं. बाकी गोल रिकामे,
कापसाच्या फण्यातून आलेलं एक कुत्रं
त्यातल्या एकात जाऊन बसलं, सावधान नाही, विश्राम.
कुणाच्या तोंडाला बापाचा रुमाल,
कुणाच्या आईच्या ब्लाऊजपीसचा मास्क, काठावर मोर.
गयाबाईनं कपाळावर तापाचं पिस्तूल धरलं
तर नववीतल्या एकानं सरळ दोन्ही हात वर केले.
कुणी हसलं असेल तर मास्कच्या आत.
प्रतिज्ञा मनातल्या मनात म्हणायची होती.
त्या शांततेत मला दूरच्या जिनिंगचा पट्टा ऐकू आला.

संमतीपत्रं गोळा केली.
सह्या, अंगठे, एकावर हळदीचं बोट.
'शिवकन्या कामून आली नाही रे?'
'सर, तिचं उरकलं की मे मधी,'
दोन गोल पलीकडून आवाज आला,
'पन्नास मानसांत. नियमानं.'

मी हजेरीवर पेन टेकवून ठेवलं.
नियमानं.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या चौदा रेघा.
उन्हाळ्यात पुण्याहून परतलेली माणसं
याच खोलीत ठेवली होती आम्ही, दाराला बाहेरून कडी.
गयाबाई चुना द्यायला निघाली होती.
नको म्हणालो. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.
आज पोरं त्या रेघा बोटानं मोजत होती,
मग आठवून बोट मागे घेत होती.

लोखंडे सरांची खुर्ची आम्ही हलवलेली नाही.
सप्टेंबरात त्यांना परभणीला नेलं,
जाताना रिक्षातून म्हणाले, दहावीचा भूमितीचा भाग राहिलाय.
तेवढंच.

म्हणून मधल्या सुट्टीत मी स्वतः उभा राहिलो दारात.
एका बाकावर एक. डबा आपापला.
कुणी कुणाचं काही खायचं नाही,
खाल्लं तर घरी पाठवीन, असं दोनदा बजावलं होतं.
काठी दाराशी टेकवली आणि फोन घ्यायला बाहेर आलो.
तहसीलचा फोन, किती हजर, किती गैरहजर.

परत वळलो तर काठी जागेवर नव्हती.

मुंजाजी बाकावरून अर्धा बाहेर लोंबकळत होता,
हातात माझी काठी,
काठीच्या टोकावर डब्याचं झाकण,
झाकणात ठेचा आणि अर्धी भाकर,
आणि ते सगळं सरकत सरकत फरशीवरून
तय्यबच्या पायाशी निघालं होतं.
दोघांचे मास्क नीट नाकावर.
सबंध वर्ग श्वास धरून.

चार फूट काठी, दोन फूट मुंजाजीचा हात.
लोखंडे सर असते तर म्हणाले असते,
हिशेब बरोबर आहे.

मला ओरडायचं होतं.
घसा तयार होता, बावीस वर्षांचा.
समोर ती खुर्ची होती, हेही खरं.
मी फळ्याकडे वळलो आणि आधीच लिहिलेली तारीख
पुसून पुन्हा लिहिली. अक्षर वाकडं आलं.
मागे झाकण फरशीवर घासल्याचा आवाज,
मग एक ठसका, ठेच्याचाच असावा,
तरी एकेचाळीस मानांसकट माझीही मान वळली.

शाळा सुटल्यावर काठी सापडली जागेवर, दाराशी.
टोकाला तेल लागलेलं.
सॅनिटायझरची बाटली घेऊन
मी ती पुसली, वरपासून खालपर्यंत,
मुठीपाशी जरा जास्त वेळ.